चिकाटीचे तास मोजायचे कसे? कावेरीच्या महाशीरवरचे दोन पेपर वाचताना

या वेळी वाचायला दोन पेपर घेतलेत. दोन्ही २०१५ चे. लेखक तेच: एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन. नदी तीच, मासा तोच, आणि बराचसा डेटाही तोच. तरी पहिला वाचून हायसं वाटतं आणि दुसरा वाचून पोटात गोळा येतो. असं का होतं, हे कळलं तर लिटरेचर रिव्ह्यू करताना पुष्कळ उपयोग होईल. म्हणून हा लेख.

आधी मासा

महाशीर म्हणजे गोड्या पाण्यात गरवणाऱ्यांसाठी सगळ्यात मानाचा मासा. त्यातही कावेरीचा पाठीवर कुबड असलेला महाशीर तर दंतकथाच. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने कावेरीच्या उपनदीत, कबिनीत, १२० पौंडांचा म्हणजे साधारण ५४ किलोंचा महाशीर धरला. तो आकडा आजही सांगितला जातो.

कर्नाटकात गालिबोरेसारख्या ठिकाणी नदीकाठी गरवणाऱ्यांचे कॅम्प होते. पद्धत साधी. नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा गळाला लावायचा, खडकावरून धारेत फेकायचा आणि बसायचं. दोरी बोटावर धरून तासन् तास बसायचं. मासा लागला तर वजन करायचं, फोटो काढायचा आणि नदीत परत सोडायचा. सोबतचे स्थानिक वाटाडे कुठल्या डोहात काय आहे ते जाणून असायचे.

आता गंमत अशी, की अशा छंदाचे बहुतेक किस्से लागलेल्या माशांचे असतात. ‘पाच दिवस काही नाही, सहाव्या दिवशी राक्षस लागला’ हे आपण ऐकतो. पाच दिवस बसून सहाव्या दिवशीही रिकाम्या हाताने घरी गेलेला माणूस किस्सा सांगत नाही. म्हणून नुसते किस्से गोळा केले तर चिकाटीचं फळ हमखास मिळतं असंच वाटणार. ज्यांना ते मिळालं नाही ते आपल्या सॅम्पलमध्येच नाहीत.

पहिला पेपर: तासांची वही

पहिल्या पेपरचं मोठं काम इथे आहे. लेखकांनी किस्से बाजूला ठेवले आणि कॅम्पच्या नोंदवह्या उघडल्या. काळ १९९८ ते २०१२. एकूण २३,६२० तास गळ टाकून बसणं, आणि त्यात ६,१६१ महाशीर. सगळ्यात लहान ०.४५ किलोचा, सगळ्यात मोठा ४६.८ किलोचा. भागाकार करून बघा: एका माशामागे सरासरी ३ तास ५० मिनिटं. याला मत्स्यशास्त्रात ‘कॅच पर युनिट एफर्ट’ म्हणतात. आपण ‘ताशी पकड’ म्हणू.

छेदात तास आले, की बसून राहण्याला पहिल्यांदा हिशोबात जागा मिळते. हौशी लोकांच्या वह्यांतून एका दुर्मीळ माशाची १५ वर्षांची मालिका उभी राहते, तीही ज्या नदीत दुसरं कुणी सलग मोजत नव्हतं तिथे. डेटा नाही म्हणून विषय सोडणाऱ्यांनी हा पेपर जरूर वाचावा.

निष्कर्ष काय? काळाबरोबर ताशी पकड वाढली आणि माशांचं सरासरी वजन कमी झालं. म्हणजे लहान मासे भरपूर येतायत, पैदास जोरात आहे. पकडून सोडून देण्याच्या धोरणाचा हा चांगला परिणाम असावा, असं लेखक सुचवतात.

इथे मला तीन ठिकाणी अडखळायला होतं.

एक, सगळे तास सारखे नसतात. ४० किलोच्या माशासाठी मोठा गोळा लावून एकाच डोहावर दिवस काढणारा आणि काहीतरी लागू दे म्हणून जागा बदलत फिरणारा, या दोघांचा एक तास वहीत एकच तास होतो. लहान मासे वाढले की दुसऱ्या प्रकारच्या माणसाची ताशी पकड झपाट्याने वाढेल. पहिल्याची वाढेलच असं नाही. कोण कशासाठी बसला होता हे वहीत नसेल, तर त्या तासांचा अर्थ जपून लावावा लागतो.

दोन, ६,१६१ मासे की ६,१६१ वेळा? सोडलेला मासा पुन्हा लागू शकतो. प्रत्येक माशावर खूण नसेल तर वही पकडण्याच्या घटना मोजते, वेगवेगळे मासे नव्हे. ट्रेंडसाठी हे चालेल. संख्येसाठी चालणार नाही.

तीन, श्रेय कुणाला? कॅम्प होता म्हणून तिथे माणसांचा वावर होता, चोरट्या मासेमारीला आळा होता. मासे सोडलेही जात होते. शिवाय नदीत बाहेरून आणलेले मासेही होते. हे सगळं एकाच पट्ट्यात एकत्र घडत होतं. धोरण नसलेला दुसरा पट्टा तुलनेला नसताना वाढीचं श्रेय फक्त ‘पकडा आणि सोडा’ला देणं घाईचं वाटतं.

लेखकांच्या बाजूने एक सांगायलाच हवं: कुबडवाला महाशीर कमी होतोय, हे त्यांनी याच पेपरमध्ये नोंदवलंय. पण वाचक एकूण आकडा घेऊन पुढे जातो. एकूण आकडा वर चाललेला असतो.

दुसरा पेपर: बेरीज फोडल्यावर

दुसऱ्या पेपरचा प्रश्न वेगळा आहे. महाशीर किती, हे विचारायच्या आधी ते विचारतात: कुठला महाशीर? पकडीत दोन प्रकार होते. एक कुबडवाला, जो कावेरी खोऱ्याबाहेर कुठेच नाही. दुसरा निळसर परांचा, जो इथला नव्हताच. १९८० च्या दशकात हॅचरीत वाढवलेला मासा नदीत सोडला गेला.

बेरीज फोडली आणि चित्र उलटलं. एकेकाळी पकडीत वरचढ असलेला कुबडवाला मागे पडत गेला, निळ्या परांचा त्याच्या जागी आला. शेवटच्या वर्षांत कुबडवाले लागत ते मोजकेच, आणि सगळे मोठे. गरवणाऱ्याच्या नजरेतून हे स्वप्नच: जो लागतो तो राक्षस. संशोधकाच्या नजरेतून ही धोक्याची घंटा आहे, कारण लहान कुबडवाले दिसतच नाहीत. म्हातारे उरलेत, पिल्लं नाहीत. नाचणीचा गोळा टाकून आठवडाभर बसलेल्याला मिळालेलं मोठं बक्षीस हीच इथे जात संपत आल्याची खूण होती.

पहिल्या पेपरमधली जोरदार पैदास प्रामुख्याने पाहुण्याची होती. घरचा मासा त्याच आलेखाखाली बुडत होता.

फोटोंचा वापरही बघण्यासारखा आहे. पकडलेल्या माशाचे फोटो किती मासे आहेत हे सांगायला निरुपयोगी, कारण रिकाम्या हाताचा फोटो कुणी काढत नाही. पण कुठला मासा, हे सांगायला तेच फोटो उत्तम पुरावा ठरले. एकच डेटा एका प्रश्नाला पक्षपाती आणि दुसऱ्याला भरवशाचा असू शकतो. ‘हा डेटा बायस्ड आहे’ असं म्हणून थांबू नका. कुठल्या प्रश्नासाठी बायस्ड, ते लिहा.

आपल्याकडचा धागा

निळ्या परांच्या महाशीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या माशांवरून. पुढे लोणावळ्याच्या टाटांच्या हॅचरीत या माशाची कृत्रिम पैदास झाली आणि बोटुकली वेगवेगळ्या राज्यांतल्या नद्यांत गेली. हेतू चांगलाच होता: महाशीर वाचवायचा. पण ‘महाशीर’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरला आणि कुठल्या नदीत कुठला, हा प्रश्न मागे राहिला. एकाच रकान्यात दोन जाती लिहिणारी वही आणि एकाच नावाखाली दोन जाती बघणारं धोरण, चूक एकाच जातकुळीची आहे.

कुबडवाल्याला तर २०१५ मध्ये पक्कं शास्त्रीय नावही नव्हतं. नाव नाही म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत जागा नाही. २०१८ च्या पेपरने तो टॉर रेमादेवी असल्याचं दाखवलं. त्याच्या लेखकांत तेव्हा पुण्याच्या आयसरमध्ये असलेले नीलेश डहाणूकरही आहेत. त्याच वर्षी आययूसीएनने त्याला ‘अतिशय संकटग्रस्त’ ठरवलं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गळाच्या माशांपैकी एक, आणि नाव मिळेपर्यंत जवळजवळ संपलेला.

२०१२ नंतर कावेरी अभयारण्यातली कॅम्पांची मासेमारी थांबली. त्यामागची कायद्याची बाजू समजण्यासारखी आहे. पण त्याबरोबर वहीही बंद झाली, आणि ती नेमकी मोजायची सगळ्यात जास्त गरज असताना. त्या पट्ट्यात पुढच्या वर्षांत काय झालं हे सांगणारी तशी सलग मालिका उरली नाही. माझ्या मते बंदीच्या चर्चेत हा तोटा स्वतंत्रपणे मांडला जायला हवा होता.

तुमच्या प्रपोजलसाठी

हे पेपर वाचताना, आणि पुढे स्वतःची मेथड लिहिताना, चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१. माझ्या डेटात शून्य कुठे आहेत? काहीच न मिळालेल्या दिवसाची नोंद मिळालेल्या दिवसाइतक्याच नेमाने झाली आहे का?

२. माझं ‘युनिट’ खरंच एकसारखं आहे का? एक तास, एक मुलाखत, एक भेट, यांत कोण कशासाठी बसला होता?

३. एकूण आकडा फोडला तर दिशा बदलते का? बदलत असेल तर फोडलेला आकडा निष्कर्षात पहिला यायला हवा.

४. चांगल्या बदलाचं श्रेय मी ज्याला देतोय, त्याच्याशिवाय तो झाला असता का?

सुपरवायझर ‘चिकाटी ठेवा’ म्हणतात तेव्हा बरोबरच म्हणतात. मात्र २३,६२० तास खडकावर बसणाऱ्यांपैकी कुणालाही एकट्याला कळलं नसतं, की नदीतला मानाचा मासा संपत चाललाय. ते कळलं, कारण कुणीतरी तास लिहून ठेवले आणि नंतर कुणीतरी विचारलं, ‘पण मासा कुठला?’