दुसरी बातमी कोण आणून देणार?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. लोणार बुलडाणा जिल्ह्यात, म्हणजे अकोल्याला लागूनच. अकोला-अमरावतीकडच्या शाळांच्या सहली तेथे जातात. त्या महिन्यात शाळा बंद होत्या, मोबाइल मात्र चालू होते. शिक्षकांच्या दोन-तीन गटांतून गुलाबी पाण्याची छायाचित्रे आम्हांला पुन:पुन्हा आली. सोबत कारणेही होती. कोणी म्हणे शेवाळ, कोणी म्हणे दैवी संकेत. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याच्या नमुन्यांची तपासणी झाली आणि जुलैमध्ये उत्तर मिळाले. हा रंग हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आला होता. पाणी आटून क्षारता वाढली की त्यांना अनुकूल स्थिती मिळते व त्यांच्यातील रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसते. ही दुसरी बातमी आमच्या एकाही गटात फिरली नाही.

विज्ञान शिकवणाऱ्याला ही गोष्ट खटकायला हवी. पहिला अंदाज, मग तपासणी, मग दुरुस्ती, हाच तर विज्ञानाचा क्रम. ढकलपत्रातून बहुधा पहिला टप्पाच येतो. त्यावर लेखकाचे नाव नसते, तारीख नसते, मूळ ठिकाण नसते. मग नंतरची दुरुस्ती शोधायची कोठे?

या दुखण्यावर एक जुने व साधे साधन आहे: फीड रीडर. मासिकाची वर्गणी भरली की अंक घरी येतो. फीड रीडरचे कामही तसेच, फक्त येथे बहुतेक वेळा पैसे पडत नाहीत. अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, किंवा एखादे संकेतस्थळ आपल्या नव्या लेखांची एक छोटी यादी संगणकाला वाचता येईल अशा रूपात ठेवते. तिला फीड म्हणतात. प्रत्येक नोंदीत साधारणपणे शीर्षक, तारीख, मूळ लेखाचा दुवा आणि मजकूर किंवा त्याचा सारांश असतो. आपण निवडलेल्या सर्व ठिकाणांच्या याद्या फीड रीडर ठरावीक वेळाने तपासतो आणि नवे तेवढे आपल्यापुढे मांडतो. पंचवीस अनुदिन्या रोज उघडून पाहण्याचे कष्ट वाचतात. महत्त्वाचे म्हणजे काय वाचायचे हे आपण ठरवतो, कोणा कंपनीचे गणित ठरवत नाही.

या पद्धतीचा एक आराखडा नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये आणला. त्याचे नाव आरएसएस. २००५ मध्ये ॲटम हा दुसरा आराखडा प्रमाण ठरला. दोन्ही सर्वांसाठी खुले आहेत. हा खुलेपणा किती मोलाचा आहे ते २०१३ मध्ये दिसले. गूगल रीडर हा त्या काळचा अतिशय लोकप्रिय फीड रीडर. आवडलेला लेख मित्रांना दाखवण्याची सोय त्यात होती, ती ऑक्टोबर २०११ मध्ये काढून टाकण्यात आली. १ जुलै २०१३ रोजी ते दुकानच बंद झाले. पण फीड बंद पडले नाहीत. ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली होती, ते ती घेऊन दुसऱ्या रीडरकडे गेले. ओपीएमएल नावाच्या फाइलीत अशी यादी साठवता येते व दुसऱ्याला देताही येते. एखाद्या शिक्षकाने आपली यादी सहकाऱ्याला देणे म्हणजे एक लेख पुढे ढकलणे नव्हे. आपले वाचनाचे कपाटच उघडून दाखवणे आहे. घेणारा त्यातले नको ते काढेल, आपले घालेल.

आता दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष असा की पुष्कळ संकेतस्थळांना फीडच नसते. शिक्षकांना लागणारी कितीतरी परिपत्रके तर नुसत्या फाइली म्हणून टाकलेली असतात. दुसरा, काही फीडमध्ये दोनच ओळी येतात आणि उरलेले वाचायला मूळ ठिकाणी जावेच लागते. तिसरा, न वाचलेल्या नोंदींचा ढीग वाढतो आणि वाचन हे ओझे वाटू लागते. चौथा आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. लेखकाने जुन्याच लेखात गुपचूप दुरुस्ती केली, तर ती नवी नोंद म्हणून वर येईलच असे नाही. आणि आपण केवळ आवडत्या लेखकांचीच यादी केली, तर आपल्या चुका दाखवणारा कोणी त्यात उरत नाही. फीड रीडर खरे-खोटे ठरवत नाही. तो फक्त नाव-गाव-तारखेसह मजकूर आणून देतो. ठरवणे आपल्याकडेच राहते.

तरीही आमचे मत या साधनाच्या बाजूने आहे. ज्या ठिकाणाने जूनमध्ये अंदाज दिला, त्याचे आपण वर्गणीदार असलो, तर त्याने जुलैत लिहिलेली दुरुस्तीही न मागता आपल्यापुढे येते. आणि ती आली नाही, तर ते ठिकाण कसे आहे हेही कळते.

आठवी-नववीच्या वर्गात एक प्रयोग करून पाहावा. संगणकावर थंडरबर्डसारखा फुकट मिळणारा कार्यक्रम घ्यावा. त्यात फीड वाचता येतात. मराठी विकिपीडियावरील लोणार सरोवर किंवा मेळघाट यांसारख्या एखाद्या पानाचा इतिहास उघडावा. त्या इतिहासाचे ॲटम फीड मिळते, ते जोडून घ्यावे. सोबत विज्ञानावरची दोन-तीन संकेतस्थळे विद्यार्थ्यांनी स्वत: निवडावीत. त्यांतले निदान एक आपल्याशी न जुळणाऱ्या मताचे असावे. सत्र संपेपर्यंत वहीत तीन रकाने भरावेत: काय बदलले, केव्हा बदलले, बदलाला आधार कोणता दिला. सत्राच्या शेवटी अकोल्याच्या शाळेने आपली यादी अमरावतीच्या शाळेला पाठवावी आणि त्यांची मागवावी.

कदाचित तीन महिन्यांत एकही मोठा बदल सापडणार नाही. हरकत नाही. पुढच्या वेळी कोठलेतरी पाणी रंग बदलेल आणि मोबाइलवर कारणांचा पाऊस पडेल, तेव्हा वर्गातले एखादे पोर विचारील, ‘सर, हे कोणी लिहिले, आणि त्याने नंतर काय लिहिले?’ एवढे झाले तरी तो तास कारणी लागला असे समजावे.