चार रात्री, पाच दिवस

दिवाळीच्या आगेमागे आपल्या घरी दोन प्रकारचे वाङ्मय येऊन पडते. एक दिवाळी अंक आणि दुसरे सहलींची पत्रके. पहिल्याची परीक्षणे होतात, त्यावर चर्चासत्रे झडतात, पारितोषिकेही दिली जातात. दुसऱ्याकडे मात्र कोणी समीक्षक ढुंकूनही पाहत नाही. आणि खरे सांगायचे तर घरात अधिक बारकाईने वाचले जाते ते हे दुसरेच. आजोबा चष्मा पुसून वाचतात, सूनबाई पेन्सिलीने खुणा करतात, मुले खांद्यावरून डोकावतात. असे सामुदायिक वाचन कुठल्या मराठी कादंबरीच्या वाट्याला येते? माझ्या तरी अजून आलेले नाही.

म्हणून या उपेक्षित वाङ्मयाचे परीक्षण करण्याचे मी मनावर घेतले आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. शाळेत शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे मला ठाऊक आहेत ती मोजमापे साधी आहेत. कथानकाला सूत्र आहे का? निवेदकाला आपला विषय समजला आहे का? आणि पुस्तक मिटल्यावर वाचकाजवळ काही उरते का? मार्गदर्शकासह निघणारी बसची सहल ही देखील कोणीतरी रचलेली गोष्टच असते. तिला आरंभ असतो, मध्य असतो, शेवट असतो. तेव्हा हीच मोजमापे तिला लावायला हरकत नसावी.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी अशा एका सहलीत होतो. कंपनीचे नाव सांगत नाही. परीक्षण एका कंपनीचे नाही, प्रकाराचे आहे. पुण्याहून पाचगणीमार्गे महाबळेश्वर, तिथे दोन मुक्काम. मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, खेड, दापोली. तिथून दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून गुहागर, पुढे तवसाळहून जयगडला पुन्हा एक फेरीबोट आणि गणपतीपुळे. शेवटच्या दिवशी रत्नागिरी आणि आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे परत. चार रात्री, पाच दिवस. जेवणखाण उत्तम, खोल्या स्वच्छ, चालक अत्यंत सावध. आंबेनळीच्या वळणांवर आम्ही मागे गाण्यांच्या भेंड्या खेळत होतो तेव्हा पुढे एक माणूस चाळीस जिवांची काळजी वाहत होता. या प्रकारच्या वाङ्मयात खरा कसबी हाच. पत्रकात त्याचे नाव कुठेच नसते.

आता कथानक. पत्रक वाचले तर कथानक नाहीच असे वाटते, कारण त्यात नुसती यादी आहे. महाबळेश्वरचे अकरा 'पॉइंट', एक मंदिर, एक स्ट्रॉबेरीचा मळा. हा 'पॉइंट' मोठा विलक्षण शब्द आहे. १८२९ साली सातारच्या महाराजांकडून इंग्रजांनी हा डोंगरमाथा घेतला, गव्हर्नर माल्कमच्या नावाने पेठ वसवली आणि मग एकेका कड्याला एकेका साहेबाचे नाव दिले. सिंदोळ्याच्या टेकडीचे झाले विल्सन पॉइंट. नावांबद्दल माझे भांडण नाही; ती आता इतिहासात जमा झाली. माझे भांडण आहे ते पाहण्याच्या त्या रीतीशी. बस थांबते, माणसे उतरतात, कठड्यापाशी उभी राहतात, फोटो निघतात, शिट्टी वाजते. दहा मिनिटे. डोंगर जणू अकरा तुकडे करून ताटलीत वाढला आहे. सह्याद्री सलग आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, त्यातून तो घडला. कड्यांवर आडव्या रेघा दिसतात त्या याच थरांच्या. हे एका वाक्यात सांगता येते, आणि सांगितले तर अकराही पॉइंट एका माळेत ओवले जातात. आम्हांला सांगितले गेले ते कोणत्या चित्रपटातले कोणते गाणे कुठे चित्रित झाले ते.

दुसरा दोष उपमांचा. तापोळ्याला गेलो तेव्हा मार्गदर्शक म्हणाला, "हे आपले मिनी काश्मीर!" पुढे कोकणात उतरलो तर ते झाले कॅलिफोर्निया, आणि एक किनारा झाला मिनी गोवा. अलंकारशास्त्रात उपमेचा एक जुना नियम आहे : ज्याची उपमा द्यायची ते अधिक गुणाचे असावे लागते. म्हणजे तापोळ्याला काश्मीर म्हणताना आपण तापोळे उणे आहे असेच कबूल करतो. बापड्या तापोळ्याने काय अपराध केला? तिथे पाणी आहे, डोंगर आहेत, होड्या आहेत. पण बर्फ नाही, म्हणून ते मिनी.

आणि याच तापोळ्यापाशी या सहलीचे खरे कथानक सुरू होत होते. ते कोणाच्या ध्यानात आले नाही, याचे मला लेखक म्हणून सर्वांत जास्त वाईट वाटते.

तापोळ्याला ज्या पाण्यावर आम्ही नावेतून फिरलो तो शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. कोयना महाबळेश्वरातच उगम पावते. तिचा नैसर्गिक ओढा कृष्णेकडे. कऱ्हाडला ती कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. पण धरण झाले आणि माणसाने नदीला वेगळी वाट दाखवली. सह्याद्रीच्या पोटातून बोगदे खणले, पाणी पश्चिमेला सोडले, ते पोफळीच्या बाजूला खोल कोसळते आणि त्या कोसळण्यातून वीज होते. १९६२ पासून ही वीज मिळू लागली. आज सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. वीज देऊन झाल्यावर ते पाणी वाशिष्ठी नदीत जाते, वाशिष्ठी चिपळूणवरून वाहत दाभोळच्या खाडीला मिळते. म्हणजे पाहा, वाचकहो! दुसऱ्या दिवशी तापोळ्याला ज्या पाण्यात आम्ही हात बुडवले, त्याच पाण्यावरून चौथ्या दिवशी आमची बस फेरीबोटीत चढून पलीकडे गेली. आम्ही घाटाने उतरलो, पाणी डोंगराच्या पोटातून उतरले, आणि दोघांची गाठ दाभोळला पडली. कादंबरीकाराला असे सूत्र फुकट मिळाले तर तो देवापुढे साखर ठेवील. आमच्या निवेदकाने खाडीवर काय सांगितले? पलीकडे स्वच्छतागृह आहे, दहा मिनिटांत आटपा.

या सूत्राला दुःखाची किनारही आहे. शिवसागराखाली कोयनेच्या खोऱ्यातली कितीतरी गावे गेली. तिथली माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली आणि पुनर्वसनाचा लढा पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत आला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. सहलीला गेलेल्या माणसांपुढे हे रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. मी रडगाणे म्हणत नाही. पण ज्या पाण्यावर आपण हसतखेळत नाव हाकतो त्याच्या तळाशी कोणाची तरी तुळशीवृंदावने आहेत, एवढे ठाऊक असलेले बरे. त्याने आनंद कमी होत नाही. तो थोडा शहाणा होतो.

कोकणातही हाच प्रकार. रत्नागिरीला थिबा राजवाडा दाखवला. लाकूड कसले, काचा कुठल्या, सज्जे किती, हे सगळे सांगून झाले. पण १८८५ साली मंडालेच्या सिंहासनावरून उठवून ज्या राजाला इंग्रजांनी हद्दपार केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले, त्याने तीस वर्षे या अनोळखी किनाऱ्यावर काय केले असेल? राजवाडा पुरा झाला १९१० च्या सुमारास आणि १९१६ साली राजा वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली आणि गरिबीत म्हातारी झाली. सज्जे मोजण्यात वीस मिनिटे गेली. या नातीला दोन मिनिटे मिळाली असती तर बसमधल्या एकाही माणसाला ती विसरता आली नसती. आदल्या दिवशी बस मालगुंडाजवळून गेली. केशवसुतांचे हे गाव, १८६६ साली ते इथे जन्मले. तिथे त्यांचे स्मारक आहे. आम्ही थांबलो नाही. अर्धा तास पुढे मात्र कोकम सरबताच्या दुकानापाशी थांबलो.

निवेदकाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. आमचा मार्गदर्शक पंचविशीतला, हसतमुख, खानदेशातला मुलगा होता. पहाटे पाचला उठून तो सगळ्यांच्या गरम पाण्याची चौकशी करी, रात्री शेवटी जेवे. त्याला जे शिकवले तेच तो बोलत होता. दोष आहे तो ज्यांनी त्याच्या हाती नुसते वेळापत्रक दिले त्यांचा. ऐकीव गोष्टी अशाच पसरतात. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, असे आमच्या शाळेच्या सहलीतही एका वाटाड्याने ठणकावून सांगितले होते. वास्तविक १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, आणि लॉकियरने त्या वर्षी सूर्यप्रकाशातली ती पिवळी रेघ इंग्लंडात पाहिली. लॉकियर विजयदुर्गाला आला तो पुढे तीस वर्षांनी, १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. खरी गोष्ट काय कमी रोचक आहे? सूर्य पाहायला एक म्हातारा ज्योतिर्विद समुद्र ओलांडून आपल्या किल्ल्यावर येतो! त्याला खोट्या शोधाचा मुलामा कशाला हवा?

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हे परीक्षण एकाक्ष होईल. आमच्या बसमध्ये इचलकरंजीच्या एक आजी होत्या. सत्तरी उलटलेल्या, एकट्या आलेल्या. जन्मभर त्या घराबाहेर पडल्या त्या लेकीसुनांच्या बाळंतपणाला, नाहीतर पंढरीला. मी त्यांना विचारले, "आजी, काय आवडले?" मला वाटले समुद्र म्हणतील. त्या म्हणाल्या, "पाच दिवस मला कोणी चहा टाकायला सांगितलं नाही, मास्तर." माझ्याजवळ यावर उत्तर नव्हते. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून निघाले ते कावड खांद्यावर घेऊन परतले, आणि त्यांच्या प्रवासाच्या पुस्तकाला आपण आजही मान देतो. पण त्या काळी घरातल्या बाईने असे निघायचे मनात तरी आणले असते का? एकट्या बाईला, भित्र्याला, भाषा न येणाऱ्याला, पैसे जेमतेम साठवलेल्याला या बसने वाट मोकळी करून दिली आहे. ज्यांना स्वतःची मोटार आहे आणि रस्ता विचारायला भीती वाटत नाही, त्यांनी या सहलींना नाके मुरडू नयेत.

पण त्याच आजी फेरीबोटीच्या कठड्याला धरून उभ्या असताना मार्गदर्शकाला विचारत होत्या, "बाळ, हे एवढं पाणी येतं कुठनं?" तो म्हणाला, "समुद्राचंच की, आजी. चला, गाडीत बसा." हा प्रश्न पाचही दिवसांत बसमध्ये विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी स्वतः दोन दिवसांपूर्वी पाहिलेले होते. फक्त ते त्यांना कोणी जोडून दिले नाही. सामान्य माणसाला फक्त गाणी आणि गंमत हवी असते, असे सहलवाले धरून चालतात. तसे प्रकाशकही आमच्या कादंबऱ्यांविषयी धरून चालतात. दोघेही वाचकाला कमी लेखतात.

तेव्हा माझा अभिप्राय असा : ग्रंथ वाचनीय, बांधणी भक्कम, छपाई सुबक, कथानक उत्तम असूनही लेखकाला ते गवसलेले नाही. पुढच्या आवृत्तीत सुधारणा करणे अवघड नाही. अकरांतले सहा पॉइंट गाळावेत आणि त्या वेळात एकाच ठिकाणी तासभर बसू द्यावे. मार्गदर्शकाला महिनाभर आधी चार पुस्तके वाचायला द्यावीत आणि त्या महिन्याचा पगारही द्यावा. आणि पेन्सिल घेऊन बसलेल्या सूनबाईंनी नावे नोंदवताना नाश्त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : वाटेत नद्या कोणकोणत्या लागतात? पत्रकात रोजच्या जेवणातले गोड पदार्थसुद्धा छापलेले असतात. पाच नद्यांची नावे छापायला काही फारशी शाई लागत नाही.