मूर्ख बापाचे शहाणपण

आमच्या वर्गातल्या मुलांना डोरेमॉन पाठ आहे. पण डोरेमॉनचे जनक फुजिमोतो तरुणपणी तोक्योतल्या तोकिवा-सो नावाच्या ज्या लाकडी, चाळवजा इमारतीत राहत, तिथेच राहणाऱ्या फुजिओ अकात्सुका यांचे नाव आमच्याकडे सहसा कुणी घेत नाही. जपान मात्र त्यांना विनोदी चित्रकथांचा बादशहा मानतो. हा मान रास्त आहे काय, हे आम्हाला तपासायचे आहे.

अकात्सुकांचा जन्म 1935चा, जपानच्या ताब्यातल्या मांचुरियातला. वडील तिथे पोलीस खात्यात होते. 1945 मध्ये जपान हरला, वडिलांना सोव्हिएत फौजांनी सैबेरियाला नेले आणि 1946 मध्ये आई मुलांना घेऊन मायदेशी परतली. परतल्यावर तान्ही बहीण दगावली. हिजरतीचे हे दुःख घेऊन आलेला मुलगा तेझुकांच्या चित्रकथा वाचून चित्रकार व्हायचे ठरवतो, तोक्योत रसायनांच्या कारखान्यात राबतो आणि 1956 मध्ये त्याचे पहिले पुस्तक निघते.

1962 मध्ये 'ओसोमात्सु-कुन' सुरू झाले. हुबेहूब एकसारखे दिसणारे सहा भाऊ ही मूळ कल्पना. पण लवकरच पुढे दात आलेला, फ्रान्सहून आल्याची फुशारकी मारणारा इयामी त्या सहांना मागे टाकतो. पाश्चात्त्यांचा उसना डौल मिरवणारा हा इसम त्या काळच्या जपानवरची बोचरी टीका आहे, असे आम्हाला वाटते.

1967 मध्ये आलेले 'तेन्साई बाकाबोन' त्याहून मोठे. नाव मुलाचे, पण नायक त्याचा मूर्ख बाप. जगाचे सारे तर्क उलटे करून तो शेवटी, जे आहे ते असेच ठीक आहे, अशा अर्थाचे बोलतो. काहींना हा पळपुटेपणा वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याने लहानपणी घर, देश, बहीण गमावली, त्याच्या लेखणीतून आलेला हा स्वीकार आहे. तो सुखवस्तू माणसाचा बेफिकीरपणा नव्हे. ठोकर खाल्लेल्यानेच असे हसावे.

याच चित्रकथेत त्यांनी पानभर एकच चेहरा खऱ्या आकारात काढला, एकदा डाव्या हाताने चित्रे काढली, 1974 मध्ये तर काही काळ स्वतःचे टोपणनावच बदलले. हे प्रयोग धाडसी खरे, पण सगळेच सफल नाहीत. काही ठिकाणी गंमत केवळ चित्रकाराची, वाचकाच्या पदरी काही पडत नाही. शिवाय हे यश एकट्याचे नव्हे. 1965 मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, आणि कल्पना सहकाऱ्यांच्या बैठकीत रंगत. पुढे दारूने त्यांना पोखरले, लेखणीही थंडावली. आम्ही हे झाकणार नाही.

तरीही त्यांचे मन कोरडे झाले नव्हते. 1997 मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झाल्यानंतरही त्यांनी अंध मुलांना हातांनी वाचता येईल असे चित्रपुस्तक केले, ते 2000 मध्ये आले. ज्याची सारी कला डोळ्यांसाठी, त्याने न पाहणाऱ्या मुलांना हसवायचे ठरवावे, ही आमच्या लेखी त्यांची सर्वांत मोठी कामगिरी.

2 ऑगस्ट 2008 रोजी ते वारले. ज्यांना त्यांनी आसरा देऊन पुढे आणले, ते विनोदी नट तामोरी अंत्यसंस्कारात बोलले. मीही तुमचीच एक कृती आहे, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. हातातला कागद मात्र कोरा दिसत होता! गुरूला याहून शोभणारी श्रद्धांजली कोणती?

2015 मध्ये ते सहा भाऊ मोठे होऊन 'ओसोमात्सु-सान' या नावाने पडद्यावर आले आणि नव्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतले. त्या सहांपैकी एकही शहाणा नाही. वर्गात आम्ही रोज शहाणपण शिकवतो. पण मागच्या बाकावरचे मूल विनाकारण हसले, की आता छडीआधी आम्हाला बाकाबोनचा बाप आठवतो. बादशहा हा मान रास्तच आहे.