विषादाला दिलेला अध्याय

गीतेच्या पारायणात पहिला अध्याय बहुधा घाईने उरकला जातो. खरी गीता दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून सुरू होते, तोवरची सारी नुसती पूर्वपीठिका, अशी समजूत अनेक वर्षे आमचीही होती. ती कशी ढळली, हे सांगितल्यावाचून या लेखाचे प्रयोजन स्पष्ट होणार नाही.

आम्ही पन्नाशी ओलांडली त्या सुमारास दीड वर्षाच्या आत पदोन्नतीच्या यादीतून आमचे नाव गळाले, कुटुंबापासून दूर बदली झाली आणि पाठोपाठ मातोश्री निवर्तल्या. कचेरीत जाणे चालू होते, फायलींवर सह्याही होत होत्या. पण सकाळी चपला पायांत सरकवणे हेसुद्धा ओझे वाटे. स्नेहीमंडळी येत आणि ‘मनाला लावून घेऊ नका, कामात गुंतवून घ्या’ असे सांगून जात. सल्ला चुकीचा नव्हता. तो पेलण्याचे बळ आमच्यात उरले नव्हते. बदलीच्या गावी ट्रंकेतून नेलेली तीन पुस्तके त्या दिवसांत आम्ही पुन्हा उघडली: ‘गीतारहस्य’, ‘गीता प्रवचने’ आणि ‘ज्ञानेश्वरी’. अर्जुनाचा विषाद या तिन्ही ग्रंथांनी कसा वाचला, याचाच येथे विचार करावयाचा आहे.

लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९१५ मध्ये. ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात ते अर्जुनाच्या शेजारी शेक्सपिअरचे हॅम्लेट व कोरिओलेनस यांना आणून उभे करतात. म्हणजे त्यांचे लक्ष अर्जुनाच्या कापणाऱ्या हातांपेक्षा त्याच्यापुढील कर्तव्याच्या पेचाकडे आहे. ही दृष्टी भव्य आहे. परंतु ज्याच्यापुढे कोणताच उदात्त पेच नाही, ज्याचे मन केवळ खचले आहे, अशा वाचकाला तेथे बसावयास जागा सापडत नाही. ग्रंथाच्या पानांपेक्षा त्या पेन्सिलीनेच आम्हांला त्या वेळी अधिक धीर दिला, हे प्रांजळपणे नमूद करतो.

विनोबांची प्रवचने १९३२ सालची, धुळ्याच्या तुरुंगातली; ती उतरून घेतली साने गुरुजींनी. विनोबांचे निदान स्वच्छ आहे: अर्जुनाला अहिंसेचा उमाळा आलेला नाही, त्याला स्वजनांचा मोह झाला आहे. अनेकांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशासमोर स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून उभा राहताच त्याला फाशीचे दोष सुचू लागतात, हा त्यांचा दृष्टान्त मर्मावर बोट ठेवतो. आमच्याही दुःखात अपमानाचा वाटा किती आणि शोकाचा किती, हे तपासण्यास त्याने भाग पाडले. तरीही ही शस्त्रक्रिया आहे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला जी थोडी ऊब लागते, ती येथे मिळत नाही.

ती मिळाली ज्ञानेश्वरांकडे. अर्जुन मोहाने व्यापला हे सांगण्याआधी ते त्याचा पराक्रम आठवतात: युद्धात शंकराला जिंकणारा, निवातकवचांचा ठाव पुसणारा तो हा. मग भ्रमराचा दृष्टान्त येतो. कसलेही कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो. प्राण जाईल, पण ती पाकळी त्याच्याने फाडवत नाही. या दृष्टान्तात दुर्बलतेचा धिक्कार नाही. बळ आहे तसेच आहे, फक्त ते या ठिकाणी चालत नाही, एवढेच कवी सांगतो. खचलेल्या माणसाविषयी याहून न्याय्य असे आम्ही दुसरे काही वाचलेले नाही.

ही दृष्टी लाभल्यावर मूळ गीतेची रचनाही आम्हांला वेगळी दिसू लागली. ४७ श्लोकांच्या पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण ‘हे जमलेले कौरव पाहा’ एवढेच बोलतात. अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, गांडीव हातातून निसटते. भगवंत ऐकत राहतात. दुसऱ्या अध्यायात दोन श्लोकांत ते कडक शब्दांनी त्याला उठावयास सांगतात. पण अर्जुन उठत नाही! तो पुन्हा आपलेच म्हणणे मांडतो, शिष्य म्हणून शरण येतो आणि ‘लढणार नाही’ म्हणून गप्प होतो. तेव्हा कोठे, स्मितपूर्वक, उपदेशाला आरंभ होतो. नुसत्या ‘ऊठ’ने माणूस उठत नाही, याची कबुली ग्रंथानेच दिली आहे. ज्ञानेश्वर तर त्या कठोर बोलण्यालाही आईच्या रागाची आणि कडू औषधाची उपमा देतात. त्यांच्या लेखी आत स्नेह असल्यावाचून कडूपणाला अधिकारच नाही.

आमच्या या वाचनाला एक मर्यादा आहे. झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच हरपली, तर ग्रंथ पुरत नाही. डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. आम्हीही गेलो होतो, आणि ओव्यांइतकाच त्या औषधांचा उपयोग झाला.

पुढे मन सावरल्यावर ‘गीतारहस्य’ आम्ही पुन्हा वाचले, आणि कर्मयोगाचा तोच उपदेश या वेळी पेलला. तो ग्रंथ उणा नव्हता. आम्ही त्याच्याकडे आमच्या वेळेआधी गेलो होतो. आता कोणी मित्र आपली कहाणी घेऊन दारी आला, की ओठांवर आलेला सल्ला आम्ही क्षणभर मागे सारतो. चहा ठेवावयास सांगतो, आणि त्याचा पहिला अध्याय पुरा होऊ देतो.