‘औदुंबर’ कसा पाहावा?

कविता चार भिंतींबाहेर, निसर्गाच्या सान्निध्यात शिकवावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. नवी आहे ती सहलीला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हातातील वस्तू. २०२० सालच्या टाळेबंदीत शाळाच स्मार्टफोनमध्ये शिरली, आणि वर्ग पुन्हा भरू लागल्यावरही फोन घराघरांत मुलांच्या हाती राहिला. तेव्हा त्याचाच उपयोग करून घ्यावा, झाडापाशी उभे राहून कविता वाचावी, छायाचित्र घ्यावे, ॲपला पान दाखवून झाडाचे नाव विचारावे, असे काही शिक्षक व पालक सुचवितात. हेतू स्तुत्य आहे. परंतु साधनाची पारख हेतूवरून होत नसते. ज्या कवितेसाठी ते वापरावयाचे, त्या कवितेलाच त्याविषयी विचारले पाहिजे.

कसोटीसाठी बालकवींची ‘औदुंबर’ घेऊ. १८९० साली धरणगाव येथे जन्मलेले हे त्र्यंबक बापूजी ठोमरे आपल्या वाचकांना परके नाहीत. रेव्हरंड टिळकांच्या घरी ते मुलासारखे राहिले, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून ते आपल्याला भेटले आहेत. ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची आहे. आधी दोन्ही काठांची हिरवळ व त्यांमधून वाहणारा झरा, मग दूर टेकडीच्या बाजूचे इवलेसे खेडे, त्यापुढे शेतांची दाटी, त्यांतून निघालेली पायवाट, ती जेथे पोचते तो डोह, आणि सर्वांत शेवटी तो वृक्ष! वाचकाची दृष्टी येथे एका जागी स्थिरावत नाही, ती चालत राहते. वृक्ष भेटतो तो ही वाट चालून आल्यावरच.

कॅमेऱ्याला नेमके हेच साधत नाही. त्याच्या चौकटीत टेकडी, वाट, डोह आणि झाड एकाच क्षणी हजर होतात. चित्रकला वस्तूंना अवकाशात शेजारी शेजारी मांडते, तर काव्य त्यांना काळात एकामागून एक उलगडते, हा भेद लेसिंग या जर्मन समीक्षकाने १७६६ साली ‘लाओकून’ या ग्रंथात दाखवून दिला. बालकवींची कविता त्याचे सुरेख उदाहरण ठरावी. म्हणून ती शिकविताना छायाचित्रापासून आरंभ करणे म्हणजे गोष्टीचा शेवट आधी सांगून टाकणे होय.

आता ॲपचे पाहू. पान ओळखून ते ‘फायकस रेसिमोसा’ असे नाव सांगेल. उंबराची फुले फळाच्या आत दडलेली असतात आणि एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरून त्यांचे परागण करते, हीही माहिती तेथून मिळेल. ती खरी आहे, विस्मयकारकही आहे. परंतु कवितेचा प्रश्न निराळा आहे. हे झाड माणसासारखे बसलेले का दिसते? पाण्यावर पसरलेल्या काळ्या छायेला कवी माधुर्य का बहाल करतो? ही उदासी, विरक्ती की केवळ निसर्गचित्र, यावर समीक्षकांचे एकमत नाही. माहितीचे उत्तर तत्काळ मिळाले की हा प्रश्न मुलाच्या मनात उभाच राहत नाही. नाव जरूर कळावे, पण प्रश्न पडल्यानंतर.

मग फोन घरी ठेवावा काय? नव्हे. त्याचा डोळा कवितेच्या आड येतो, पण त्याचा कान उपकारक आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्यांच्या ओठी आलेले शब्द सोपानदेव व इतर आप्तांनी टिपून ठेवले, म्हणून १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ मराठीला लाभली. टिपून ठेवण्याचे तेच काम आज फोनचा ध्वनिमुद्रक करू शकतो. पाण्याकाठी वाचलेली कविता मुलाने स्वतःच ऐकावी. आपण कोठे घाई केली, कोणता शब्द गिळला, हे त्याला शिक्षकाने न सांगताही कळेल. घरी आजीच्या सामवेदी वा वाडवळी बोलीतील ओवीही त्याने तशीच जपावी.

वसईकरांना यासाठी खानदेशात जाण्याचे कारण नाही. आपल्या बावखलांच्या काठी उंबर आजही उभे आहेत. मात्र अनेक बावखले बुजविली गेली, आणि उरलेल्यांकडे रिकामी जागा म्हणून पाहणारे कमी नाहीत. बुजविलेल्या बावखलाचे छायाचित्र फोनमध्ये सुरक्षित राहील, पण त्यावरून पुढच्या पिढीला डोह समजणार नाही.

यास्तव पालकांना व शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की सहलीत आधी पायांनी चालू द्यावे, मग काही वेळ मुकाट्याने बसू द्यावे, नंतर कविता मोठ्याने म्हणू द्यावी, आणि त्यानंतरच फोन खिशातून निघावा. अशा रीतीने एकदा उंबराशेजारी बसलेले मूल, मातीचा ट्रक बावखलाशी येऊन थांबला तर, “येथे का?” असे निदान विचारील तरी.