‘भाकर’ : बायबलातील एक रूपक आणि त्याचा आचारधर्म

रूपक म्हणजे भाषेचे भूषण, एवढ्याच समजुतीने धर्मग्रंथ वाचावयास घेतल्यास त्यातील बरेच काही हातून निसटते. मम्मटाने उपमान आणि उपमेय यांच्या अभेदाला रूपक म्हटले. परंतु काव्यातील हा अभेद रसिकाच्या आस्वादापुरता असतो. मुखाला चंद्र मानणाऱ्या वाचकावर चंद्राविषयी कोणतेही कर्तव्य येऊन पडत नाही. धर्मग्रंथातील रूपकाची गोष्ट निराळी आहे. आपण नित्याचे व्यवहारदेखील रूपकांच्या आधारेच समजून घेतो, हा विचार जॉर्ज लेकॉफ व मार्क जॉन्सन यांनी १९८० साली विस्ताराने मांडला. बायबलाच्या बाबतीत त्यापुढे एक पाऊल टाकावे लागते. तेथील रूपक स्वीकारणाऱ्याला त्याप्रमाणे वागावेही लागते, आणि तो तसा वागला नाही तर तेच रूपक त्याच्याविरुद्ध साक्ष देते. ‘भाकर’ या एका रूपकाच्या आधारे हे विधान येथे तपासावयाचे आहे.

या रूपकाचा आरंभ प्रत्यक्ष अन्नापासून होतो. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मान्ना मिळतो. पण शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा अपवाद सोडल्यास तो त्या त्या दिवसापुरताच वेचावयाचा असतो. साठवून ठेवलेल्यात किडे पडतात. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही मागणे आहे ते रोजच्या भाकरीचे, भरलेल्या कोठाराचे नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात ६ व्या अध्यायात जवाच्या पाच भाकरींनी जमाव प्रथम तृप्त होतो आणि त्यानंतर येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवितो. अखेरच्या भोजनात तो भाकर मोडतो व तिलाच आपले शरीर म्हणतो. पुढे पौल करिंथकरांस लिहिताना त्याच एका भाकरीत वाटेकरी झालेल्या अनेकांना एक शरीर ठरवितो. अशा रीतीने अन्न, व्यक्ती आणि समाज हे तिन्ही अर्थ एका शब्दात एकवटतात.

मराठी भाषांतरकारांनी या ठिकाणी ‘अन्न’ हा व्यापक शब्द न घेता ‘भाकर’ हा शब्द योजला, हे त्यांच्या मार्मिकतेचे लक्षण होय. मराठीत भाकर ही उपजीविकेचीही वाचक आहे. शिवाय ती रोज थापावी लागते, त्यामुळे मान्न्याच्या कथेतील ‘त्या दिवसापुरते’ हा भाव मराठी घराला टीकेवाचून उमगतो. तथापि या निवडीत काही गमावलेही आहे. भाकरीत खमीर नसतेच; म्हणून ‘बेखमीर भाकर’ हा शब्दप्रयोग मराठी कानाला द्विरुक्त वाटतो. पिठात मिसळलेल्या खमिराचा दृष्टांत किंवा जुने खमीर काढून टाकण्याविषयीचा पौलाचा उपदेश ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या वाचकाला समजावून सांगावा लागतो. माडाच्या सुरीने पीठ फुगवून पाव भाजण्याची परंपरा असलेल्या गोव्यात ही अडचण तितकीशी जाणवू नये. रूपक जीवनाला वळण लावते हे खरे. पण त्याला अर्थ पुरविण्याचे काम जीवनच करीत असते.

या रूपकाची खरी परीक्षा मात्र पंगतीत होते. करिंथच्या मंडळीत सधन लोक आधी जेवून घेत व गरीब उपाशी राहत. अशा जेवणाला प्रभूचे भोजन म्हणावयास पौल तयार नाही. मराठी समाजात तर रोटीव्यवहार हा जातिव्यवस्थेचा कणाच होता. तेथे एका भाकरीत वाटेकरी होणे म्हणजे आजवरची ओळख पणास लावणे होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्ष्मीबाईंच्या मनातील स्थित्यंतर तत्त्वचर्चेपेक्षा अन्नपाण्याच्या व्यवहारातून अधिक स्पष्ट दिसते. उलटपक्षी, धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जातिभेद अनेक ठिकाणी टिकून राहिला, हेही नाकारता येत नाही. त्या समाजावरील सर्वांत कठोर टीका बाहेरून येण्याची आवश्यकता नाही; त्याने स्वीकारलेल्या रूपकातच ती अंतर्भूत आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अन्न दिले, पंडिता रमाबाईंनी केडगावी दुष्काळग्रस्त मुलींना आश्रय दिला, आणि लोकांनी भाकरीसाठी धर्म बदलला, असे म्हटले गेले. ही शंका योहानाच्या शुभवर्तमानाला अपरिचित नाही. पोट भरले म्हणूनच तुम्ही माझ्यामागे आलात, अशा आशयाचे बोल येशू स्वतःच जमावाला लावतो. परंतु तत्पूर्वी त्याने जमावाला जेवू घातलेले असते, हा क्रम लक्षणीय आहे. भुकेल्याला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्या विश्वासाला याकोबाचे पत्र मृत मानते. हेतूची चिकित्सा अवश्य करावी. मात्र शाब्दिक भाकर प्रत्यक्ष भाकरीपासून तोडणारी चिकित्सा मूळ ग्रंथाशी प्रामाणिक राहत नाही.

१५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली यांचा वाद झाला तो भाकरीला शरीर म्हणणाऱ्या वाक्यातील ‘आहे’ या क्रियापदावर. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर ल्यूथर अभिधेचा पक्ष घेत होता व झ्विंग्ली लक्षणेचा. तो वाद मिटला नाही, आणि साहित्याच्या अभ्यासकाने तो मिटविण्याचे कारणही नाही. अभ्यासकाला एवढे मात्र दाखविता येते की अभिधा घ्या वा लक्षणा, मोडलेली भाकर शेजाऱ्याच्या हाती पोहोचल्याखेरीज त्या वाक्याचा अर्थ पूर्ण होत नाही.