मुलांचे पुस्तक कोण निवडते?

मुलांसाठी पुस्तक घ्यायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'यातून काय शिकायला मिळेल?' ते वाचवेल का, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. बहुधा येतच नाही. निर्मळ आणि आसपासच्या गावांत गेली काही वर्षे मी मुलांचे वाचन पाहतो आहे. कोणी कोणते पुस्तक उचलले, कितव्या पानावर मिटले, कोणते घरी नेले आणि परत द्यायला टाळाटाळ केली, हे वहीत टिपून ठेवतो. हे काही शास्त्रोक्त सर्वेक्षण नव्हे. पण पुस्तकांविषयीची माझी मते या वहीने पक्की केली आहेत.

आधी इथली अडचण सांगतो. इथल्या मुलाच्या घरात आजीची बोली कादोडी असते किंवा वाडवळी. शाळा बहुधा इंग्रजी माध्यमाची. चर्चमधली प्रार्थना, देवळातले कीर्तन, वर्तमानपत्र यांतून प्रमाण मराठी कानांवर पडते, पण त्या भाषेत मूल भांडत नाही, हट्ट करत नाही. दहा-अकराव्या वर्षी हाती पडलेले मराठी पुस्तक कंटाळवाणे निघाले, तर पुष्कळदा ते शेवटचेच मराठी पुस्तक ठरते. म्हणून ही निवड मला हौसेची बाब वाटत नाही.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे 'मुलांच्या परिसरातले' लिहा. केळीची वाडी, समुद्र, बावखल घाला की मूल रमेल. माझी वही याला दुजोरा देत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा, त्याची भाषा पेठेतली. वसईच्या मुलाला यातले काहीच जवळचे नाही. तरी ते पुस्तक परत येते तेव्हा त्याचे कोपरे दुमडलेले असतात. कारण भागवत वाचकाला थांबवून समजावत बसत नाहीत. बन्या सायकलवर टांग टाकतो आणि वाचणाऱ्याला मागे धावावे लागते. अनोळखी शब्द आला तर मूल तो ओलांडून पुढे जाते. पुढे काय झाले हे कळायचे असेल तर शब्दांचे भय वाटत नाही. उलट परिसर ओळखीचा, पण तिसऱ्या पानावर आजोबा झाडाचे महत्त्व सांगू लागले, की पुस्तक मिटते. आजोबा घरीही आहेतच, आणि ते निदान मधूनमधून विनोद करतात.

मग 'श्यामची आई'चे काय? 1935 साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आजही वाढदिवसाला भेट म्हणून सर्वाधिक दिले जाते आणि मुलांकडून सर्वाधिक न वाचता ठेवले जाते, असे मला दिसते. दोष पुस्तकाचा कमी, देणाऱ्यांचा जास्त. आपण ते संस्काराचे औषध म्हणून देतो. साने गुरुजींनी रचना केली आहे ती रात्रींची. बेचाळीस रात्री श्याम मित्रांना गोष्टी सांगतो. ते ऐकायचे पुस्तक आहे. रोज एक रात्र कोणी मोठ्याने वाचली तर पोहायला घाबरून दडून बसलेला श्याम विहिरी-तलावांच्या या गावात लगेच ओळखीचा होतो, मूल ख्रिस्ती घरातले असो की हिंदू. प्रत्येक रात्रीतले अश्रू मात्र आजच्या मुलांना जड जातात, हे कबूल केले पाहिजे. सलग वाचायला दिले तर मी त्यांना दोष देणार नाही.

लहानांसाठी निवड सोपी झाली, त्याचे श्रेय माधुरी पुरंदरे यांचे. 'राधाचं घर' या छोट्या पुस्तकांत काहीच 'घडत' नाही. घरातली माणसे आहेत, त्यांची कामे आहेत, सवयी आहेत. चित्रेही त्यांचीच असल्यामुळे मजकुरात नसलेली गोष्ट चित्रात सापडते, आणि वाचता न येणारे मूल वाचणाऱ्या मोठ्याच्या चुका काढते. 'वाचू आनंदे'च्या खंडांत त्यांनी उत्तम मराठी साहित्यातले उतारे आणि चित्रकला शेजारी शेजारी ठेवली. हे मुलांना झेपेल का, असे पालक विचारतात. झेपत नाही ते मूल सोडून देते. पालकांसारखे अपराधी वाटून घेत नाही.

खरी उणीव कथेतर पुस्तकांत आहे. चरित्र म्हणजे थोर पुरुषाच्या गुणांची यादी, आणि माहिती म्हणजे चौकटीतले आकडे, अशी आपली समजूत. तिला छेद देणारे पुस्तक वसईच्याच लेखिकेने दिले आहे, वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' (1981). गुलामगिरीत जन्मलेला एक पोर वनस्पतिशास्त्रज्ञ होतो आणि कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग पेरायला सांगतो, ही हकिकत वाडीतल्या मुलाला परकी वाटत नाही. पीक बदलले की माती सुधारते, हे त्याच्या घरात रोजचे बोलणे आहे. माझी तक्रार एकच. कार्व्हरभोवती दंतकथा पुष्कळ जमल्या आहेत. भुईमुगाचे लोणी त्याने शोधले असे आजही सर्रास सांगितले जाते, आणि ते खरे नाही. पुस्तकाचा सूर भक्तीचा आहे, त्यामुळे मूल शंका घ्यायला शिकत नाही. आठवी-नववीतल्या मुलाला हे पुस्तक देताना मी एक काम देतो: यातली एक गोष्ट दुसरीकडे तपासून ये. मुले खूश होऊन कामाला लागतात; मोठ्यांची चूक पकडण्याची संधी कोण सोडेल?

त्यालाच जोडून 'तोत्तोचान'. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादात मुख्याध्यापक एका शेतकऱ्याला वर्गापुढे उभे करून हे तुमचे शेतीचे शिक्षक, अशी ओळख करून देतात. हे प्रकरण मी इथे अनेकदा वाचून दाखवले आहे. ज्यांचे आजोबा अजून वाडी शिंपतात त्या मुलांत त्यानंतर थोडी शांतता पसरते.

आणि जे पुस्तक मी शोधतो आहे, ते माझ्या पाहण्यात अजून आलेले नाही. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, तेव्हा आत एकात एक ठेवलेल्या डब्या मिळाल्या, सगळ्यांत आतली सोन्याची, आणि तिच्यात मातीच्या भांड्याचे तुकडे. यापेक्षा चांगली रहस्यकथा कोणी रचून दाखवावी! त्याच साली तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा 1956 मध्ये भुईगावला मिळाला, निर्मळहून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. त्या नवव्या लेखात राजा म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागणे हा खरा विधी. हे सांगितले की मुले हसतात आणि आपापल्या घरातले विधी मोजू लागतात.

पण हे सगळे पडले आहे प्रबंधांत आणि गॅझेटियरमध्ये. मुलांसाठी स्थानिक इतिहास म्हणून जे छापले जाते ते 1739 च्या मोहिमेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. लिहिणाऱ्याने निदान एवढे करावे: पहिल्या पानावर सनावळी नको, डबी उघडू द्यावी. अशोकाचे चौदा लेख. इथे मिळाले दोघांचे तुकडे. उरलेले कुठे गेले असतील, हे सहावीतल्या एका मुलीने मला विचारले होते, आणि त्या आठवड्यात ती मैत्रिणींना घेऊन भुईगावच्या बांधांवरचे दगड उलटेपालटे करत फिरत होती.